चार भिंतींआडचा खून आणि पतीचे मौन

पंचवटीकर : राहत्या घरात रात्री पत्नीचा मृत्यू होतो, घरात पतीखेरीज कोणी नसते, आणि न्यायालयात तो ‘मला काही माहीत नाही’ एवढेच सांगतो. अशा खटल्यांत संशयाचा फायदा फार सढळ हाताने दिला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. जून १९८२ मध्ये पुण्यात, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक तरुणी पोटॅशियम सायनाइडने मरण पावली. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या ज्या पत्रांवर सरकार पक्षाची भिस्त होती, तीच आत्महत्येची शक्यता दाखवतात, असा अर्थ अखेर लावला गेला. दोन न्यायालयांना पटलेले तिसऱ्याला पटले नाही, यात मृत स्त्रीच्या वाट्याला काय आले?

निवृत्त लघुलेखक, नाशिकरोड : निकाल आवडला नाही म्हणून तो चुकला असे होत नाही. परिस्थितीजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्यांना त्याच निकालाने ‘पंचशील’ म्हटले, त्या आजही प्रत्येक सत्र न्यायालयात वाचल्या जातात. त्यांचे सार असे, की साखळीची प्रत्येक कडी सिद्ध झाली पाहिजे आणि तिच्यातून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी तो आधीच पूर्ण झालेल्या साखळीला जोड देतो. तुटलेली साखळी त्याने सांधता येत नाही. विष पाजले की तिने स्वतः घेतले, हे शवविच्छेदन सांगू शकत नसेल, तर फाशी कशाच्या बळावर द्यायची?

सातपूरची वाचक : मग २००६ चा त्रिमुख किरकन निकालही वाचावा. तिथे पतीच्या बाजूने सर्पदंशाचे कारण पुढे केले गेले होते, वैद्यकीय पुराव्यात मात्र गळा दाबल्याचे निघाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम ठेवली. घराच्या आत घडलेल्या गुन्ह्यात, आत असलेल्या माणसाने खुलासा केला पाहिजे, हे त्यात स्वच्छ म्हटले आहे. पुरावा कायद्याचे कलम १०६, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९, त्यासाठीच आहे. शिवाय साक्षीदार आणायचे कुठून? आमच्या इमारतीत महिनोन्महिने ओरडणे सगळ्यांना ऐकू येत होते. पोलीस विचारायला आले तेव्हा निम्मी इमारत ‘त्या दिवशी गावाला’ गेलेली होती.

निवृत्त लघुलेखक, नाशिकरोड : ताई, शेजाऱ्यांबद्दलचे तुमचे म्हणणे मी नाकारत नाही, पंच आणि शेजारी फितूर होताना मी वर्षानुवर्षे टिपून घेतले आहे. पण त्यांच्या भित्रेपणाची भरपाई आरोपीच्या मौनातून करायची का? कलम १०६ मुळे सरकार पक्षाची मूळ जबाबदारी संपत नाही, हे शंभूनाथ मेहरा खटल्यात १९५६ सालीच ठरले आहे. सर्पदंशाच्या खटल्यातही आधी गळा दाबल्याचे सिद्ध झाले, मगच खुलाशाचा प्रश्न आला.

पंचवटीकर : एवढे मान्य, की मौन ही पहिली कडी होऊ शकत नाही. परंतु पहिली कडी हाती यायची तर पंचनामा त्याच रात्री नीट व्हायला हवा, व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातील अवयवांचे नमुने, वेळेत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा आणि माहेरच्यांचे जबाब आठवडाभर रेंगाळता कामा नयेत. ते न करणाऱ्या तपासाला तुमच्या पाच कसोट्यांत कुठे जागा आहे?