लग्नानंतर परदेशी: दोघांनी एकत्र जावं, की एकाने आधी जाऊन बस्तान बसवावं?

माहीमकर

लग्नसराई आली की मुंबईत हा वाद घरोघरी सुरू होतो. मुलाला जर्मनीत नोकरी लागलेली, लग्न डिसेंबरात, रुजू व्हायचं फेब्रुवारीत. मोठी माणसं म्हणतात, 'त्याला आधी जाऊ दे, जागा बघू दे, सूनबाई मागाहून जाईल.' माझं मत उलट आहे. कायदा आडवा येत नसेल तर दोघांनी एकत्रच जावं.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या ए-वन (सगळ्यात सोप्या पातळीच्या) परीक्षेची अट नाही. तिथे पोचल्यावर नोकरी करायचीही मुभा असते. दोघांचे व्हिसा अर्ज एकत्र देता येतात. घोडं अडतं ते विवाह नोंदणीच्या दाखल्यापाशी. पत्रिका, हॉलची पावती, फोटो यांनी त्याची जागा भरून निघत नाही. मुंबईत ही नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते. लग्नापासून ९० दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग मिळालेल्या तारखेला वधू-वर आणि तीन साक्षीदारांनी मूळ कागद घेऊन हजर राहायचं. लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही अर्जावर लागते आणि नेमकी तीच राहून जाते. नमुना आधीच छापून ठेवा आणि सही लग्नाच्या दिवशी कार्यालयातच घ्या. साक्षीदार मुंबईतलेच निवडा. गावाहून आलेला मामा दोन दिवसांत परत जातो आणि तारीख पुढे ढकलावी लागते.

नवरीचं नाव बदलायची घाईही नको. कायद्याने तशी सक्ती नाही. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर क्रम वेगळा, त्यात विवाह दाखल्यावर सासरचं आडनाव घातलं की एकाच मुलीची कागदोपत्री तीन नावं होतात. पुढे तिच्या पदवीची मान्यता काढताना प्रत्येक टेबलावर खुलासा देत बसावं लागतं. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे ठेवा.

विक्रोळीची वीणा

माहीमकर, कागदांचं सगळं मान्य. पण दोघं एकत्र उतरल्यावर राहणार कुठे, याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. हॉटेलं आणि थोड्या दिवसांसाठी फ्लॅट देणारे बरेच जण तो कागद देत नाहीत. पत्ता नोंदला नाही तर कर क्रमांक नाही, कारण तो टपालाने त्या पत्त्यावरच येतो. निवास परवान्याचं काम आणि बऱ्याच ठिकाणी बँकेचं खातंही त्यापायी रखडतं. एकटा मुलगा तीन-चार जणांच्या सामायिक फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन दिवस काढू शकतो. जोडप्याला अशी खोली मिळणं कठीण. मग महिन्याच्या बोलीवर सामानासकट फ्लॅट घ्यावा लागतो, आणि तो साध्या घरापेक्षा बराच महाग पडतो.

कायमचं घर मिळालं तरी संसार लगेच लागत नाही. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते. ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, हे सांगून हप्ते मागा. घर रिकामं म्हणजे ओटा, सिंक, कपाटं यांतलं काहीच नाही अशी घरं तिथे सर्रास असतात. स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले दोन नळजोड आणि छतातून लोंबणारी दिव्याची वायर, एवढंच दिसतं. ओटा मापाने बनवून घ्यायचा तर काही आठवडे जातात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट परिवीक्षेची, म्हणजे नोकरीतल्या सुरुवातीच्या चाचणी काळाची. ती सहा महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. मुलीने इथली नोकरी सोडलेली असेल आणि तिकडे त्याची गेली, तर दोघंही एकदम उघड्यावर येतात. निदान तिचा पगार तरी चालू राहू द्या. तिची परवानगी त्याच्या परवान्याला बांधलेली असते, हेही विसरू नका.

गोरेगावचा हिशेबनीस

वीणाताई, तिचा पगार चालू राहील हे खरं, पण त्याची दुसरी बाजूही मांडा. बायको मुंबईत राहत असेपर्यंत जर्मन कर कचेरी त्याला एकट्या माणसाच्याच करवर्गात, म्हणजे पहिल्या वर्गात धरते. लग्न झालंय एवढं पुरत नाही. ती तिथे राहायला आली, पत्ता नोंदला, की दोघांना चौथा वर्ग मिळतो. एकाचाच पगार असेल किंवा दोघांच्या पगारात मोठी तफावत असेल तर एकाला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा वर्ग मागून घेता येतो. ती वर्षाच्या मध्यात आली तरी वार्षिक विवरणात त्या वर्षासाठी दोघांचा एकत्रित हिशेब मागता येतो. फक्त त्या वर्षातला तिचा मुंबईचा पगार कराचा दर ठरवताना धरला जातो, तो लपवू नये.

सरकारी आरोग्य विम्यात, तिला तिथे उत्पन्न नसेल तर, ती सध्या त्याच्याच हप्त्यात वेगळा पैसा न भरता येते. हे दोन फायदे ती मुंबईत बसून मिळत नाहीत.

आता भारतातलं, कारण इथे फार गोंधळ होतो. नोकरीसाठी देश सोडणारा नवरा त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर करासाठी अनिवासी होतो. बायको आश्रित म्हणून जाते, नोकरीसाठी नव्हे. तिला ही १८२ दिवसांची सवलत लागू होत नाही. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस ती इथे असेल आणि जायच्या वर्षात ६० दिवस भरले असतील, तर ती त्या वर्षी निवासीच राहते. म्हणजे जुलैत दोघं एकाच विमानाने गेले तरी तो अनिवासी आणि ती निवासी असं होतं. तिथे उघडलेल्या संयुक्त खात्याची माहिती तिला इथल्या विवरणात द्यावीच लागते.

बँकेला कळवून दोघांची बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची रुपयातली खाती, करून घ्या. साधं निवासी खातं तसंच चालू ठेवणं परकीय चलन कायद्यात बसत नाही. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मिळत नाही.

नेरुळकर

सगळी चर्चा जर्मनीभोवती फिरतेय. मुंबई-नवी मुंबईची केवढी तरी पोरं आखातात जातात, आणि तिथे हा वाद उरतच नाही. दुबईत नवऱ्याचा निवास परवाना, एमिरेट्स आयडी आणि नोंदवलेला भाडेकरार झाला की मगच तो बायकोला बोलावू शकतो. पगार निदान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, असा नियम आहे. ती व्हिजिट व्हिसावर आधी जाऊन नंतर बदलून घेईल, या भरवशावर तिची नोकरी सोडायला लावू नका.

मात्र त्याने जायच्या आधीच मुंबईत एक काम संपवायचं. विवाह दाखल्यावर आधी मंत्रालयातून राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीच्या वकिलातीचं, आणि दुबईत गेल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. संयुक्त अरब अमिराती अपॉस्टिल करारात (एकाच शिक्क्याचं प्रमाणीकरण मानणाऱ्या देशांच्या करारात) नाही, त्यामुळे नुसतं अपॉस्टिल करून नेलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. मूळ दाखला या फेऱ्यांत अडकतो. नोंदणी करतानाच दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा.

भांडुपचा भाऊ

कॅनडावाल्यांनी हे नीट वाचा. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज चालू असताना लग्न झालं, आणि 'आधी एकटा जाऊन येतो, मग बायकोला स्पॉन्सर करतो' म्हणून लग्न न कळवताच लँडिंग केलं, म्हणजे तिथे पोचून पीआर घेतला, तर त्या बायकोला कुटुंब वर्गातून स्पॉन्सर करायचा मार्ग सहसा कायमचा बंद होतो. लँडिंगच्या आधी लग्न कळवायचंच. ती सोबत येणार नसली तरी तिचं नाव द्यायचं आणि तिची वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. मग ती मागाहून येऊ शकते.

वर्क परमिटवर जाणाऱ्यांसाठी २१ जानेवारी २०२५ पासून नियम घट्ट झाले. जोडीदाराला खुलं वर्क परमिट हवं तर नवऱ्याची नोकरी वरच्या ठरावीक श्रेणींतली हवी आणि त्याच्या परमिटची निदान १६ महिने मुदत शिल्लक हवी. 'बघू नंतर' करत सहा-आठ महिने घालवले तर ही मुदत हातातून जाते. म्हणून मी माहीमकरांच्या बाजूचा.

शिवडीची सई

अमेरिकेत एच-वनवाल्याची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याची, बायको एच-फोर या आश्रिताच्या व्हिसावर जाते आणि नोकरी करू शकत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला, किंवा त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली, तरच तिला कामाची परवानगी मागता येते. ही सोय २०१५ पासून आहे. शिकायला मात्र हरकत नाही. एल-वनवाल्याच्या, म्हणजे कंपनीने अमेरिकेतल्या आपल्याच शाखेत बदली केलेल्याच्या, बायकोला तिच्या दर्जामुळेच काम करता येतं. बैठकीत 'मुलगा अमेरिकेत' एवढंच सांगतात, व्हिसा कुठला ते कुणी सांगत नाही. मुलीकडच्यांनी ते स्पष्ट विचारायलाच हवं. सीए किंवा डॉक्टर झालेली मुलगी काही वर्षं घरी बसणार असेल, तर ते लग्नाआधी तिला कळायला नको?

'तो आधी, ती मागाहून' या पद्धतीबद्दल मला मनापासून सांगायचंय. ती 'मागाहून' कधी, याची तारीख कुणी देत नाही. मुलगी सासरी, तिची नोकरी कधी सुटलेली, कधी सुटायच्या बेतात, आणि नवरा फोनवर. बायकोला इथेच टाकून देण्याची प्रकरणं इतकी आहेत की राष्ट्रीय महिला आयोगात त्यासाठी २००९ पासून स्वतंत्र एनआरआय कक्ष आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. मुलीने आपला पासपोर्ट आणि विवाह दाखल्याची प्रमाणित प्रत स्वतःजवळ ठेवावी. नवऱ्याच्या नेमणूकपत्राची, परवान्याची आणि तिथल्या पत्त्याची प्रतही मागून घ्यावी. हे मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगला मुलगा स्वतःहून देतो.

लालबागची माई

सामानाचं कुणीच बोललं नाही. दोघं गेली तर बॅगांचं वजन दुप्पट मिळतं, हा एकत्र जाण्याचा फायदा मोठा आहे. पण काय भरता ते बघा. दुबईला नेणार असाल तर गोडा मसाला खसखस न घालता करा. खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि नुसत्या पुडीनेही माणूस अडचणीत येतो. जर्मनीला तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. भाजणी, मेतकूट, आमसुलं, कोरडी लसणाची चटणी बिनधास्त न्या, नीट बंद करून.

कुकर घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तरच इंडक्शनवर चालेल, ॲल्युमिनियमचा चालणार नाही. मिक्सर जर्मनीत आणि दुबईत प्लग बदलून चालतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट असते. ७५० वॉटचा मिक्सर तिथे चालवायला जड ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यापेक्षा तिथल्या विजेवरचाच घ्या.

विक्रोळीची वीणा

सईताई, तारखेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी एकत्रच गेलं पाहिजे असं ठरत नाही. तारीख आधी लिहून घ्या. त्याने जाऊन सामायिक खोली घ्यायची, पत्ता नोंदवायचा, घराचे अर्ज करायचे. तिने नोटीस द्यायची ती घराचा करार सही झाल्यावर. मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांत नोटीस ६० ते ९० दिवसांची असते, तोवर ओटाही बसतो.

माहीमकर

वीणाताई, हे चालेल, एका अटीवर. व्हिसाचे अर्ज दोघांचे एकदमच द्यायचे. तो गेल्यावर तिने नव्याने अर्ज केला की पुन्हा अपॉइंटमेंटची रांग, आणि तिथून त्याचे परवाना, करार, पगारपत्रकं मागवत बसणं आलं. व्हिसा हातात असेल तर त्यावरच्या मुदतीच्या आत तिला हवं तेव्हा निघता येतं. तिकडे पोचायची तारीख व्हिसाच्या अर्जात लिहावी लागते, तेव्हा ती भरायच्या आधी दोघांनी बसून ठरवा. परिवीक्षा पूर्ण संपेपर्यंत थांबायचं मात्र मला अजून पटत नाही. सहा महिने म्हटले की व्हिसाचीच मुदत संपू शकते.

गोरेगावचा हिशेबनीस

आणि ती पोचली की त्याच दिवशी टपालपेटीवर दोघांची आडनावं लावा. तिचं आडनाव माहेरचं असेल आणि पेटीवर फक्त त्याचं असेल, तर तिच्या नावाचं पत्र पोस्टमन परत नेतो. कर क्रमांक आणि विम्याचं कार्ड टपालानेच येतं.