मदत हवी आहे : पित्ताच्या कॅप्सूलमुळे तोंड आपोआप हलू लागलंय

सासूबाई ६९ वर्षांच्या, मधुमेह आहे. दिवाळीपासून त्यांचं तोंड सारखं चालू असतं. पान चघळल्यासारखा जबडा हलतो, मधूनच जीभ बाहेर येऊन आत जाते. "मी मुद्दाम नाही गं करत," म्हणतात. निवांत टीव्ही बघत बसल्या की जास्त, झोप लागली की सगळं बंद. कवळी सैल असेल म्हणून बदलून आणली, फरक शून्य. शेजारच्या काकू 'वय झालं' म्हणून मोकळ्या!

न्यूरोलॉजिस्टनी आधी औषधांची पिशवी रिकामी करायला लावली. उपाशीपोटी घ्यायच्या कॅप्सूलच्या पाकिटावर रॅबेप्राझोलच्या शेजारी बारीक अक्षरांत लेवोसल्पिराइड. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून दोनेक वर्षं बिनबोभाट मिळत होती. हे औषध मेंदूत डोपामिन या रसायनाला अडवतं, त्यातून 'टार्डिव्ह डिस्किनेशिया' (औषधामुळे तोंड-जीभ अशी आपोआप हलणं) होतो म्हणाले. मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल असं ऐकून होते, पण पित्ताच्या?

कॅप्सूल बंद केलीय. पण हालचाल उलट वाढल्यासारखी वाटतेय. असं होतं का? कुणाच्या घरी हे पूर्ण थांबलंय का, किती दिवसांत? नात्यातले एक जण पॅसिटेन सुरू करा म्हणताहेत, द्यावी का?

प्रतिसाद १
पेशंट न बघता लिहितोय, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. औषध काढल्यावर सुरुवातीला वाढू शकतं. ओसरायला कित्येक महिने लागतात, काहींत थोडं कायम राहतं. पॅसिटेन स्वतःहून अजिबात नको. हातापायांच्या कंपाला ती देतात, या तोंडाच्या हालचाली तिने वाढू शकतात. गरज पडली तर या हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन असतं, पण त्याने सुस्ती आणि उदासी येऊ शकते, लक्ष ठेवावं लागतं.

उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडही याच जातीचं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००९ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला, १२ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका म्हणून. वयस्कर बायका आणि मधुमेही यांना धोका अधिक. चक्करेची गोळी चालू आहे का? सिनारिझिन, फ्लुनारिझिनही बघा, त्यांनीही असं होऊ शकतं.

प्रतिसाद २
दर महिन्याला मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. बाबांच्या वेळी डॉक्टरांना त्याचाच उपयोग झाला. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सिनारिझिन निघाली! पिशवीत नव्हती, त्यांच्या बटव्यात होती. एसटीत बसायच्या आधी घेतात म्हणे. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते.