गोळ्या, बाळ आणि नवरा: तुमचे अनुभव लिहा

मागच्या बुधवारी डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. समोर एक पोरगी, पंचविशीची असेल, मांडीवर तीनेक महिन्यांचं बाळ. कंपाउंडरनं तिला विचारलं, "झोप लागते का?" उत्तर नवऱ्यानं दिलं. "जेवण जातंय?" तेही त्यानंच. "अंगावर पाजता?" "नाही, बंद केलंय," परत तोच. ती बाळाच्या टोपऱ्याची नाडी सोडत होती, बांधत होती, परत सोडत होती.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात, म्हणून हा धागा. ज्यांना मानसिक आजार आहे आणि पोरंबाळंही आहेत, त्यांच्या आईपणात नवऱ्यानं काय सावरलं, काय बिघडवलं ते लिहा. नाव नको, गाव पुरे. दवाखान्यांची नावंही नकोत. नवरे मंडळींनी लिहिलं तरी चालेल.

माझ्यापासून सुरू करते. बायपोलर (मन कधी फार उसळतं, कधी पार खचतं, तो आजार), बाविसाव्या वर्षापासून. लग्न ठरताना ह्यांना पन्हाळ्यावर नेऊन सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मला चालतंय, पण आईला नको सांगूया." तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं! पुढं मूल हवं म्हटल्यावर डॉक्टरांनी माझं व्हॅल्प्रोएट बंद करून दुसरं औषध बसवलं. (व्हॅल्प्रोएटनं गर्भाच्या मेंदूला, मणक्याला धोका असतो. हा बदल दिवस जायच्या आधी करायचा असतो, आणि डॉक्टरांनीच.) वर बजावलं, बाळंतपणानंतर हिची रात्रीची झोप मोडली तर आजार उलटेल.

ह्यांनी ते वाक्य चिठ्ठीवरच्या औषधासारखं पाळलं. रात्री अकरा ते पाच बाळ ह्यांच्याकडे, डब्याचं दूध. आत्ती रोज कुरकुरायच्या, "आईचं दूध असताना डबा कशाला?" हे सांगायचे, "मला तशीही झोप येत नाही, मोबाईलच बघत असतो." नऊ वर्षं झाली, मी एकदाही ॲडमिट झाले नाही. पण गोळ्या अजून कॅल्शियमच्या डबीत आहेत, आणि आत्ती शेजारणीला सांगतात, सून झोपाळू, नात माझ्या लेकानंच वाढवली. हे ऐकतात आणि गप्प बसतात. ह्यांचे उपकार मानते, आणि त्या गप्प बसण्याचा रागही येतो.

कागलजवळचं खेडं

मी जसं बोलतो तसंच लिवतो. बाळंत हुन आठवा दिवस. मला वाटाय लागलं पोरगं बदललंय, ह्ये माझं न्हवं. रातभर बडबडत हुतो म्हणं. मालकांनी आदी देवऋष्याकडं नेलं. लिंबू, अंगारा, नारळ, नऊ दिवस त्यातच गेलं. मग दवाखाना. पोरगं जावंकडं. एकवीस दिवस मला पोरगं दावलं न्हाई. दूध भरून यायचं, मी बेसिनात पिळायचो. मग आटलं.

बरी हुन घरी आलो, तर मालक सगळ्यांम्होरं म्हणालं, "हिच्या हातात एकटीच्या पोरगं देऊ नगा." एकदाच म्हणालं, पर घरानं त्येच धरलं. आता चार वर्सांचा हाय. जावंला आई म्हणतोय, मला नावानं हाक मारतोय. मालक वाईट न्हाईत. दारू न्हाई, हात उगारणं न्हाई. भ्यालेत, अजून भ्यालेत.

राजारामपुरी (धागा काढणारी)

ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हा बाळंतपणानंतरचा आजार हजारात एखाद-दुसरीला होतो, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच. तो तातडीचा असतो, एक दिवसही घालवायचा नसतो, आणि उपचारानं बायका बऱ्या होतात. मालकांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवता येईल का? तुम्ही सांगून पटणार नाही, आपलं कोण ऐकतं!

आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, की ॲडमिट असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. तोडावंच लागलं तर दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा वेगळा विभाग आहे. आपल्याकडं देवऋषी आधी सापडतो.

शिरोली

नवरा आहे, एमआयडीसीत शिफ्टला. बायकोला डिप्रेशन. आपण लई सांभाळून घेतोय अशी माझी समजूत होती. परवा डबा कोण भरणार यावरून वाजलं आणि मी नेहमीसारखं बोललो, "आज गोळी घेतलीस का?" तर सहा वर्षांची पोरगी कमरेवर हात ठेवून तिला म्हणाली, "मम्मी, आज गोळी घेतलीस का?" अगदी माझ्या आवाजात. बायको हसली. मला दिवसभर मशीनवर काही सुचलं नाही. आता विचारत नाही. पण खरंच चुकली असेल तर, हे रोज मनात येतं.

इचलकरंजी

माझ्या नवऱ्यानं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो काढून ठेवले होते, तारखेसकट. ते घटस्फोटाच्या नोटिशीबरोबर आले. वकीलबाई म्हणाल्या, नुसतं निदान पुरत नाही. स्किझोफ्रेनियाचा शिक्का असला तरी आजार कसला आणि किती हे बघावं लागतं, असं सुप्रीम कोर्टानं १९८८ सालीच म्हटलंय. केस चालू आहे, जास्त लिहीत नाही. मुलगा दर शनिवारी येतो. दप्तरात आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी असते, 'तिथलं काही खाऊ नये'. तो चिठ्ठीचाच कोन करतो आणि त्यात भडंग घेऊन खातो.

शिवाजी पेठ

मी आई नाही, लेक आहे. आईला स्किझोफ्रेनिया होता. जेवणात विष घातलंय असं तिला वाटायचं. बाबा ताट वाढून झालं की प्रत्येक पदार्थातला एक घास तिच्यासमोर खायचे, मग म्हणायचे, "हं, झालं बघ." आम्हाला तो घरातला रिवाजच वाटायचा. एकदा मामाकडं जेवायला गेलो, तिथं कुणी आधी खाऊन दाखवलं नाही, तर मीच जेवेना. आई वेडी आहे असं बाबांनी आम्हाला कधी म्हटलं नाही. "आज तिला आवाज जास्त येतायत, हळू बोलूया," एवढंच. माझ्या वेण्या तेच घालायचे, एक वर एक खाली.

पण शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी आईला कधी आणलं नाही. एकदाही नाही. परवा मी विचारलं तर म्हणाले, "लोक काय म्हणतील त्याची भीती तिला नव्हती, मला होती." आई जाऊन सहा वर्षं झाली.

गडहिंग्लज

सातवा महिना चालू आहे. एन्झायटीच्या गोळ्या चालू होत्या, घरच्यांनी "पोटातल्याला लागतील" म्हणून बंद करायला लावल्या. पंधरा दिवस झाले, छाती धडधडून रात्री उठून बसतो. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, डिलिव्हरीपर्यंत काढ कसंतरी.

राजारामपुरी (धागा काढणारी)

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. गोळी चालू करायची की बदलायची ते त्यांना ठरवू द्या, घराला नको. बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही सांगा. रात्री जास्तच झालं तर १४४१६ ला फोन लावा. टेलिमानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. नवऱ्याला बरोबर घेऊन जा, पण खुर्चीत तुम्ही बसा आणि तुम्हीच बोला.

गडहिंग्लज

त्याला हा सगळा धागा माझ्या मोबाईलवर वाचायला दिला. काही बोलला नाही, फोन घेऊन गच्चीवर गेला. अर्धा तास झाला. हे मी दिराच्या फोनवरून लिहितोय.