ध्यान कुठंय तुझं?

हा प्रश्न ऐकत मोठे झालेले, आणि तिशी-चाळिशीत एडीएचडीचं (लक्ष एका जागी न टिकणं, उतावळेपणा, असा लहानपणापासूनचा विकार) निदान झालेले, यांनी इथं लिहावं. त्यांच्याशी संसार करणाऱ्यांनीही. नावं नकोत. सुरुवात मी करते.

लातूर, शिक्षिका, 39
2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आठवत असेल. गल्लीत टँकर यायचा तो आठवड्यातून एकदा. सासूबाई दवाखान्यात, पाण्याचं माझ्याकडं. हॉर्न ऐकला, उठलेही. वाटेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिसला, एवढी एक तपासू म्हणून टेकले. भानावर आले तेव्हा टँकर कोपऱ्यावरून वळत होता, ड्रम दारात कोरडे. नवरा ओरडला नाही. "तुला आमची पर्वाच नाही," एवढंच म्हणाला. पर्वा होती हो! पण घरात असून पाणी कसं चुकलं, हे मलाच सांगता येईना. मग आपणच वाईट बाई आहोत, असं धरून चालले. चूक व्हायच्या आधीच "सॉरी" म्हणायचे. सासूबाईंना त्याचाही राग यायचा.

मुलाला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर त्याच्याबद्दल विचारत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं माझीच शाळा येत होती. हे घराण्यात उतरतं, ते तिथं कळलं. वर्गात उड्या मारणारं पोरगं सगळ्यांना दिसतं. खिडकीबाहेर बघत बसलेली पोरगी गुणाची ठरते. मी स्वतः शिक्षिका, मलाही दिसली नसती.

जालना, आडत दुकान, 44
मी लई बोलतो. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करतो. मोंढ्यात हसतात, बायको हसत नाही. एका शेतकऱ्याला पट्टीचे पैसे दोनदा दिले, दुसऱ्याला दिलेच नाहीत. वाटणीच्या वेळी धाकटा पाच माणसांत बोलला, वह्या दादाकडं नकोत. आता मिथाइलफेनिडेट, लक्ष टिकवायची गोळी, चालू आहे. गोळीचा असर काही तास राहतो, तेवढ्यात हिशेब उरकतो. वह्या अजून भावाकडंच आहेत.

छत्रपती संभाजीनगर, बायकोच्या बाजूनं
कुणाला राग आला तर येऊ द्या. आठवण केली की "सारखं काय मागं लागतेस", नाही केली की लाइटबिल थकलेलं. मी यांची बायको की माय? मॅच तीन तास बघतात, माझं बोलणं तीन मिनिटं ऐकवत नाही. आणि निदान झाल्यापासून प्रत्येक चुकीला तोच कागद पुढं.

लातूर
ताई, कागदाचं बरोबर बोललात, मीही केलंय तसं. मॅचचं मात्र खोटं नाही. लक्ष असतं, पण ते आपल्या हुकमात नसतं. जे रंगतदार त्याच्याकडं आपसूक पळतं. आमच्याकडं आता तोंडी काम सांगायचं नाही, फळ्यावर लिहायचं, असं ठरलंय. भांडणं आहेतच, पण "पर्वा" हा शब्द बंद झालाय. आणि नुसतं वाचून कुणी स्वतःला शिक्का मारू नका. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे डॉक्टर बघतात. झोप, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसरायला होतं.

नांदेड, 27
रविवारी पाव्हणे बघायला येणार आहेत. आई म्हणते, लग्न होईपर्यंत तोंड उघडू नको. काय करू?

छत्रपती संभाजीनगर
मुलाशी एकटीनं बोल आणि सांग. मला आधी कळलं असतं तर पहिली चार वर्षं रडण्यात गेली नसती. पोह्यांच्या गॅसपाशी मात्र बहिणीला उभी कर.