सहा वर्षांच्या मुलीसाठी पहिली क्वाड बाईक: कोणती घ्यावी, की घेऊच नये?

बोरिवली_पूर्व
लेक नुकतीच सहाची झाली. नेरळच्या पुढे सासऱ्यांची जागा आहे, तारेचं कुंपण घातलेली. शनिवार-रविवार आम्ही बहुतेक तिथेच असतो. तिला क्वाड बाईक (चार फुगीर चाकांची, हँडलवाली गाडी) हवी आहे आणि मलाही द्यायची आहे. (बायकोला अजून पूर्ण पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.) समोर तीन पर्याय आहेत. एक, बारा व्होल्टची बॅटरीवाली, मॉलमध्ये फिरतात तसली. दोन, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला एका दुकानात पाहिलेली ४९ सीसीची पेट्रोलवर चालणारी. दुकानदार म्हणतो, पाच वर्षांचं पोरसुद्धा चालवतं. तीन, ओळखीतल्या एकाची वापरलेली ११० सीसी, स्वस्तात मिळते आहे. मेव्हणा म्हणतो ११० घे, मुलं भराभर वाढतात, पुन्हा खर्च कशाला. रस्त्यावर किंवा सोसायटीत ती निघणार नाही. यातली सुरक्षित कोणती?

अस्थिरोग_ठाणे
कुठलीच नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. जिथे ही वाहनं शेतावर घरोघरी असतात, त्या देशात बसून ती कित्येक वर्षं सांगते आहे की सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही, म्हणजे हीच क्वाड, चालवू नये. कारण साधं आहे. चार चाकं दिसली की आपण कारसारखा विश्वास टाकतो, पण हे यंत्र उंच आणि आखूड असतं. वळताना किंवा उतारावर ते तोलायचं काम चालवणाऱ्याच्या अंगाला करावं लागतं. सहा वर्षांच्या मुलीचं वजन वीस किलोच्या आसपास. नावाजलेल्या कंपन्यांची ५० सीसीची क्वाडसुद्धा शंभर किलोच्या घरात जाते. ती वीस किलोनी कशी तोलणार? आणि उलटली तर छातीवर बसते. हाड मी जोडून देईन, छाती दबून गुदमरलेल्या मुलाला माझा काही उपयोग नाही.

गॅरेज_कांदिवली
डॉक्टर, तुमच्याकडे पडलेलेच येतात, म्हणून तुम्हाला सगळेच पडताना दिसतात. माझ्याकडे गाड्या येतात, त्यामुळे कुठली गाडी पाडते आणि कुठली सांभाळून घेते ते मला दिसतं.

धागाकर्त्यांना सांगतो, तुमच्या तिन्ही पर्यायांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ११० तर विसराच. अमेरिकेत मुलांच्या क्वाडला वयाप्रमाणे गट असतात. सहा वर्षांपुढच्या गटातली गाडी कारखान्यातून ताशी १६ किमीवर बांधून येते आणि बंधन काढलं तरी २४च्या वर जात नाही. दहा वर्षांपुढचा गट २४वर बांधलेला, कमाल ४८. एकशेदहावाल्या साधारण त्या किंवा त्याच्याही पुढच्या गटात बसतात. मेव्हण्याला सांगा, युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतात, क्वाड नाही. युनिफॉर्मची बाही दुमडता येते.

४९ सीसीवाली दिसायला सगळ्यात गोंडस आणि माझ्या मते तिघींत सगळ्यात वाईट. टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून चालू करायची, सस्पेन्शन नावाला, कित्येकींना चेनवर धड झाकण नाही. लहान मुलीचा पाय कुठे जाईल याचा विचारच त्यात नसतो. अशा बिननावाच्या आयात क्वाडबद्दल अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने एकदा नाही, अनेकदा जाहीर इशारे दिलेत. दुकानदाराला एवढंच विचारा, "स्पेअर ब्रेक शू कुठे मिळेल?" मग बघा तोंड.

पार्ल्याची_आई
मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. आपण मुंबईकर रोज सकाळी पोराला स्कूटरवर पुढे उभं करून, हेल्मेटशिवाय, बसच्या बाजूने शाळेत सोडतो. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा हवा, वेग ४०च्या वर नको, हा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. चार वर्षांपुढे तर हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं. कुणी पाळताना पाहिलंय? आणि कुंपणाच्या आत, बाप शेजारी उभा असताना, चालत्या माणसाच्या वेगाने जाणारी गाडी म्हटली की सगळ्यांना धडकी भरते. या शहरात मुलांना हात-पाय हलवायला जागा नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनीही मोबाईलच द्यायचा का?

अस्थिरोग_ठाणे
स्कूटरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, ताई. पण तुलना चुकते आहे. स्कूटर मोठं माणूस चालवतं. क्वाडवर निर्णय मूल घेतं. घाबरलेलं मूल काय करतं माहीत आहे? हँडल घट्ट आवळतं. क्वाडचा वेग अंगठ्याच्या खटक्यावर असतो. म्हणजे घाबरलं की हात आवळला, हात आवळला की अंगठा दाबला, अंगठा दाबला की वेग वाढला. मोठा माणूस अंगठा सोडतो, सहा वर्षांचं मूल किंचाळत दाबून धरतं.

गॅरेज_कांदिवली
हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच तो खटका बांधायची सोय असते. चांगल्या गाडीत अंगठ्याच्या खटक्याशेजारी एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की खटका पूर्ण दाबलाच जात नाही. दुसरी गोष्ट, मागे दोरीचं किल स्विच. एक टोक गाडीला, दुसरं चालवणाऱ्याला किंवा मागे चालणाऱ्या बापाच्या हाताला. ओढलं की इंजिन बंद. काही गाड्यांना रिमोटही येतो. या दोन गोष्टी नसतील ती गाडी दुकानातच राहू द्या, मग ब्रँड कुठलाही असो.

माझगाव_कोर्ट
कायद्याचं थोडक्यात. वाहन चालवायचं वय आणि लायसन्स याबद्दलची मोटार वाहन कायद्याची कलमं ३ आणि ४ सार्वजनिक ठिकाणापुरती आहेत. कुंपणाच्या आत, स्वतःच्या जागेत ती आडवी येत नाहीत. पण सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथे जायचा हक्क आहे ती कुठलीही जागा. समुद्रकिनारा त्यात आला, तुमच्या फाटकाबाहेरची गाडीवाटही येऊ शकते. अल्पवयीन मुलाने तिथे चालवून गुन्हा घडला तर २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ पालकाला किंवा मालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड.

आणखी एक. "छोटं इंजिन आहे, वाहनाच्या व्याख्येतच बसत नाही" असं दुकानदार सांगतात. २५ सीसीपर्यंतची ती सूट चारपेक्षा कमी चाकं असलेल्यांना आहे. क्वाडला चार चाकं आहेत, मोजून घ्या.

आजोबा_गिरगाव
सायकल द्या. झाडावर चढू द्या. विषय संपला.

पार्ल्याची_आई
आजोबा, झाडावरून पडूनच माझ्या भावाचा हात मोडला होता. :)

नागाव_किनारा
मी किनाऱ्यावर एटीव्ही भाड्याने देतो, पोट त्यावर आहे, तेव्हा मला कुणी विरोधक समजू नये. पण शहरातले लोक एक गोष्ट बघत नाहीत, ती लिहितो.

गाडी कुठली हे सगळे विचारतात, जमीन कशी आहे हे कुणी विचारत नाही. ओहोटीची ओली वाळू सपाट असते, तिथे क्वाड क्वचितच उलटते. तुमचं नेरळ म्हणजे भाताची खाचरं. भात कापून झाला की जमीन सपाट वाटते, पण मधे बांध आहेत, ढेकळं आहेत, कलमांभोवती आळी आहेत. एक बाजूचं चाक बांधावर चढलं की हलकं मूल खाली आणि गाडी वर. बहुतेक क्वाडच्या मागच्या आसाला डिफरन्शियल नसतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे नुसतं हँडल फिरवलं तर गाडी सरळच जायला बघते. अंग आत झुकवलं तर वळते. मोठ्यांनाही हे समजवावं लागतं, आणि "समजलं समजलं" म्हणून निघालेले पहिल्याच वळणावर सरळ जातात. फरशी, पेव्हर ब्लॉक, डांबर यावर तर नकोच. ते फुगीर, कमी हवेचे टायर कडक जमिनीवर विचित्र धरतात.

तुमच्याकडे बांध नसलेला एकच तुकडा शोधा. तेवढाच ट्रॅक. टायर पुरून कडा आखा, बाकी जागा बंद. विहीर असेल तर आधी तिचं बघा.

आणि डबलसीट कधीच नाही. बाप मागे आणि पोर पुढे, असे फोटो काढायला लोक माझ्याकडे रोज येतात. मी नाही म्हणतो, ते शेजारच्या गाडीवाल्याकडे जातात. मुलांच्या क्वाडवर तर दुसऱ्या माणसाला जागाच नसते, तरी बसतात.

अस्थिरोग_ठाणे
नागावकर, तुमचं लिहिणं वाचून माझं मत आणखीच पक्कं झालं.

नागाव_किनारा
व्हावंच, डॉक्टर. मी धंदा करतो, खोटं नाही बोलत.

बोरिवली_पूर्व
एवढं कळलं की ११० आणि ४९ बाद. विहीर आहे, कठडा आहे, जाळी नाही. आता बारा व्होल्टवालीच का, की त्याच्या वरची बॅटरीवाली मोठी क्वाड? दुकानात ३६ व्होल्टचीही दाखवली, तीन वेगांची किल्ली असलेली.

गॅरेज_कांदिवली
बॅटरीवर या, आवाज नाही, धूर नाही, सायलेन्सरचा चटका नाही. पण "बॅटरीची म्हणजे खेळणं" असंही समजू नका. मोटर पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर देते, पेट्रोलसारखी चढत नाही. मुलगी मागे फेकली गेल्यासारखी होते आणि मग तुमचा तो आवळलेला हात. ३६ व्होल्टवाली घेतलीत तर किल्ली सगळ्यात खालच्या वेगावर ठेवून खिशात टाका.

बारा व्होल्टवाली माणूस चालतो त्याच वेगाची. गवत किंवा मऊ माती आली की रुतते. पण पहिली म्हणून हीच बरी, थांबणं आणि वळणं शिकायला पुरे. मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघून घ्या, नाहीतर वायर गरम होऊन वास येईपर्यंत कळणार नाही. पावसाळ्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज न करता शेडमध्ये ठेवलीत तर दिवाळीला नवी आणावी लागेल.

दुकानात मुलीला घेऊन जा, नुसता फोटो बघून मागवू नका. तिला पायठ्यांवर (पाय ठेवायच्या जागेवर) उभं करा: सीट आणि तिच्यामध्ये तीन ते सहा इंच फट हवी. बसवा: हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागता कामा नये आणि बाहेरच्या बाजूचा हात सुटता कामा नये. ब्रेकवर बोटं टेकवा: मधल्या बोटाचं पहिलं पेर ब्रेकच्या दांड्याच्या पुढे गेलं पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर ती ब्रेक दाबू शकणार नाही, कितीही हुशार असली तरी. यातलं एक जरी जमलं नाही तर गाडी तिची नाही.

पार्ल्याची_आई
आणि हेल्मेट? माझ्या मुलीला मोठ्यांचं एस मापाचं घातलं तर डोकं मागे झुकतं.

गॅरेज_कांदिवली
मोठ्यांचं एस लहान मुलाला नकोच, मान त्या वजनाने थकते आणि पडल्यावर ते डोक्यावर फिरतं. मुलांच्या मापाचं, हनुवटी झाकणारं आणि आयएसआय खुणेचं. पट्टा लावून डोकं हलवून बघा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. सोबत गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, अंगभर कपडे. सँडल घातलेली दिसली तर त्या दिवशी गाडी बंद. ओढणी, लांब वेणी आत खोचून.

अस्थिरोग_ठाणे
माझं मत बदललेलं नाही, धागाकर्ते. बारा व्होल्टवालीला मी क्वाड म्हणतच नाही, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी भीती पुढची आहे. सहा महिन्यांत तिला कंटाळा येईल, तुम्ही ३६ आणाल, मग पन्नास सीसी. आणि दर वेळी तुम्हाला वाटेल की आता तिला येतं. वीस किलोची ती तोवर फार तर बावीसची झालेली असेल. विहिरीवर जाळी मात्र या शनिवारीच टाका, गाडी आणा किंवा नका आणू.

बोरिवली_पूर्व
जाळीवाल्याला आत्ताच फोन केला. बारा व्होल्टची घेतो, पुढचं पुढच्या दिवाळीला तिची उंची आणि वजन बघून. बायकोला धागा वाचायला दिला. ती म्हणते, डॉक्टरांचं बरोबर आहे आणि गॅरेजवाल्यांचंही, म्हणजे आमच्या घरी वाद चालूच राहणार.

चेंबूर_नाका
ती वापरलेली ११० अजून आहे का? मुलगा चौदाचा आहे, पनवेलला जागा आहे. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल?

गॅरेज_कांदिवली
आधी मुलाला पायठ्यांवर उभं करून फट मोजा. आणि नागावकरांना विचारा, पनवेलला बांध आहेत का म्हणून.