वणव्याची जागा आणि प्रारूपाचे काम

जंगलातील बदलांचे संगणकावर अनुकरण करणाऱ्या प्रारूपाने नकाशावर दाखवलेल्या ठिकाणी वणवा लागला नाही, म्हणून अशी साधने वनव्यवस्थापनाला निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष या चर्चेतील एका प्रतिसादात काढला आहे; तो मला मान्य नाही. लँडिस-२ सारख्या प्रारूपात वणवे आणि वादळे संभाव्यतेनुसार घडतात. त्यामुळे एकाच आरंभस्थितीपासून केलेल्या दोन सिम्युलेशनमध्येही (म्हणजे प्रारूप दोनदा चालवले तरी) जळालेले क्षेत्र वेगवेगळ्या ठिकाणी दिसते. एका सिम्युलेशनचा नकाशा हे भाकीत नव्हेच. प्रत्येक तोडणीपद्धतीसाठी प्रारूप अनेकदा चालवून, त्या सिम्युलेशनमधील चढउतारापेक्षा पद्धतींमधला फरक मोठा आहे का, हे पाहायचे असते, आणि माझ्या मते या साधनांचे खरे मोल तिथेच आहे.

चर्चेत न आलेली बाब आरंभस्थितीची आहे. लँडिस-२ एकेक झाड मोजत नाही, तर नकाशाच्या प्रत्येक चौकटीत कोणत्या जातीचे कोणते वयोगट आहेत याची नोंद ठेवते. उपग्रहचित्रातून वनाच्छादन कळते, झाडांचे वय सहसा कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जंगलातील मोजणीच लागते. ही नोंद अंदाजाने भरली, तर पहिल्या काही दशकांचे निष्कर्ष, म्हणजे तोडणीचा आराखडा ज्यांवर उभा राहतो तेच, सर्वाधिक डळमळीत होतात.