ती जपानी टोळ्यांची मालिका मला सुटत का नाही?

शिलाईमशीन

नमस्कार मंडळी. माझं इचलकरंजीत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, वय 53. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला कॉलेजकुमारी समजायचं.

दिवाळीआधी ब्लाउजांची रास पडली होती. रात्री दीड-दीडपर्यंत मशीन चालायचं. धाकटा सोबत म्हणून लॅपटॉप घेऊन समोर बसायचा. त्यानं एक मालिका लावली, 'हाय अँड लो: द स्टोरी ऑफ सोर्ड'. जपानी, 2015 ची. मला जपानी येत नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पळून जातात, आणि निम्मी नजर सुईवर. मग मी काय करणार? कपडे बघत बसले.

आणि काय सांगू, कपड्यांवरनंच सगळी मालिका कळत गेली की! शहराच्या एका पट्ट्यात पाच टोळ्या, त्यांच्या आद्याक्षरांचं मिळून 'सोर्ड'. पांढरे कपडे, गॉगल, म्होरक्याच्या हातात काठी, ते व्हाइट रास्कल्स, बायकांना त्रास देणाऱ्यांना धुणारे. (पांढऱ्या कपड्यांत मारामारी करणाऱ्याला ते कपडे स्वतः धुवायचे नसतात, हे नक्की.) काळा गळाबंद कोट, बटणं उघडी, ती ओया हायस्कूलची पोरं. लाल लाल अंगरखे, जत्रेला निघाल्यासारखे, ते दारुमा. थरावर थर मळके कपडे आणि छपरांवरनं उड्या, ते रूड बॉइज, नाव नसलेल्या वस्तीतले. राहिले सान्नोवाले, ते मला सगळ्यात उशिरा ओळखू आले. एक सोनेरी केसांचा कोब्रा तेवढा लगेच कळला.

धाकटा म्हणतो, आई, तुला गोष्ट कळते तरी का? सगळी नाही कळत. पण नोबोरूची कळली. तिघं लहानपणचे दोस्त, कोब्रा, यामातो आणि नोबोरू. नोबोरू हुशार, वकील व्हायला निघालेला. आवडत्या मुलीवर अत्याचार होतो, हा त्या लोकांना बेदम बडवतो, तुरुंगात जातो, आणि सुटल्यावर दोस्तांकडं न येता याकुझांच्यात, म्हणजे तिकडच्या संघटित गुंडांच्यात, जाऊन बसतो. त्याचा तो नेटका शर्ट आणि पडलेले खांदे बघून मी मशीन थांबवलं होतं.

एरवी बातम्यांत हाणामारी आली तरी मी चॅनल बदलते. आता ब्लाउज संपले, दिवाळी संपली, आणि मी दुसऱ्या सीझनला आहे. माझं नेमकं काय अडकलंय यात? दहीहंडीची पथकं आठवली का, असं कृपा करून विचारू नका. आठवली होती. तेवढ्यानं भागत नाही.

---

रात्रपाळी

ताई, आधी क्रम सांगतो, नाहीतर गोंधळ होईल. मालिकेचे दोन सीझन, पहिला 2015 च्या शेवटी, दुसरा 2016 च्या वसंतात. मग 2016 मध्येच पहिला सिनेमा आणि 'द रेड रेन'. 2017 मध्ये 'एंड ऑफ स्काय' आणि 'फायनल मिशन'. पुढे 2019 ला 'द वर्स्ट', तो ओयाच्या पोरांचा. मधलं काही गाळू नका. मालिकेचा पसारा सिनेमात जाऊन फुटतो.

तुमचं कपड्यांवरून ओळखणं चुकीचं नाहीच. ती बनवलीच तशी आहे. हे सगळं एक्झाइल या गाणाऱ्या-नाचणाऱ्या ग्रुपमधल्या 'हिरो' नावाच्या माणसाचं डोकं. तो स्वतः नर्तक, 2013 च्या अखेरीस स्टेजवरून बाजूला झाला. कोब्रा करणारा ताकानोरी इवातासुद्धा मुळात नाचणारा. प्रत्येक टोळीला स्वतःचं गाणं दिलंय. गाणं वाजलं की कोण येतंय ते कळतं, चेहरा दिसायच्या आधी. मी हॉस्पिटलात रात्रपाळीला असतो, आवाज बंद करून बघितली तर निम्मी मजा गेली. तुम्ही मशीनच्या आवाजात कशी बघितली देव जाणे.

---

बिनबुडाचा तांब्या

मी पहिले चार भाग बघून सोडली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेच ते: एके काळी इथं मुगेन नावाच्या टोळीचं राज्य होतं, मग अमामिया बंधू आले, मग मुगेन फुटली... अरे किती वेळा! आणि माणसं बोलायच्या ऐवजी एकमेकांकडे दोन मिनिटं बघत राहतात. पोलीस कुठे आहेत? यांचे आईबाप काय करतात? ओया शाळेत कुणी कधी पुस्तक उघडलंय? शिलाईमशीनताई, राग मानू नका, पण यात तुम्हाला आवडलेली गोष्ट कपडेच असावी. बाकी काही नाहीच.

आणि बाया कुठे आहेत? पांढरेवाले म्हणे बायकांचं रक्षण करतात. पण ज्यांचं रक्षण होतं त्यातल्या एकीला तरी नीट दोन वाक्यं आहेत का?

---

निशिकासाईकर

मी तोक्योत, एदोगावा वॉर्डात राहतो, अकरा वर्षं झाली. तांब्या यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण थोडं इथून बघा.

मालिकेत सान्नोची पोरं कशासाठी मारामारी करतात? राज्यासाठी नाही. त्यांच्या शोतेंगाईसाठी. शोतेंगाई म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा लहान दुकानांची पेठ: मासेवाला, टोफूवाला, चपला, किराणा. तो दान आठवतो ना, ओसाकाकडच्या बोलीत बडबडणारा? त्याच्या घरचं दुकान तिथलंच. मोठ्या दुकानांना आवर घालणारा कायदा इथं 2000 साली रद्द झाला, शहराबाहेर मॉल आले आणि गावोगावच्या पेठांची शटरं खाली आली. अशा रस्त्याला इथं शब्दच आहे, 'शट्टादोरी', शटरांचा रस्ता. मी कामानिमित्त छोट्या शहरांत जातो तेव्हा स्टेशनबाहेर हेच दिसतं. दुपारी तीन वाजता वर छप्पर घातलेली लांबलचक पेठ, उघडं एक न्हाव्याचं दुकान आणि एक भाजीवाल्या आजी. अशी पेठ वाचवायला वीस वर्षांची पोरं उभी राहतात, हे इथल्या माणसासाठी सगळ्यात मोठं स्वप्नरंजन आहे. मारामारी त्याच्या नंतर.

टोळ्यांचंही तसंच. बोसोझोकू, म्हणजे सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली घेऊन रात्री रस्ते अडवणारी पोरं, 1982 च्या सुमाराला 42 हजारांवर होती. आता रात्री एखादी फटफट ऐकू आली तर शेजारचे आजोबा म्हणतात, अजून आहेत वाटतं! याकुझांवर 1992 पासून वेगळा कायदा आहे आणि 2011 पर्यंत सगळ्या प्रांतांनी त्यांच्याशी व्यवहार करण्यावरच बंधनं आणली. बँकेत खातं उघडताना 'मी टोळीचा सदस्य नाही' असं मीसुद्धा लिहून दिलंय. म्हणजे ही मालिका आजच्या रस्त्याची नाहीच. सरून गेलेल्या टग्यांना गोड आठवणीत घालून, वर नव्या गाण्यांचा रंग दिलाय.

ताई, तुमच्या कपड्यांबद्दल. ओयाच्या पोरांचा काळा कोट म्हणजे गाकुरान, मेइजी काळात (1868 ते 1912) युरोपी लष्करी पोशाखावरून आलेला शाळेचा गणवेश. म्हणून ती ताठ कॉलर. बटणं उघडी ठेवणं हाच उर्मटपणा. दारुमाचे लाल अंगरखे जत्रेतल्या 'हापी'च्या घाटाचे आहेत, आणि त्यांचा म्होरक्या ह्यूगा मारामारीला 'मात्सुरी' म्हणजे जत्राच म्हणतो. दारुमा ही बाहुली बोधिधर्माची, जो परंपरेनुसार आपल्या दक्षिण भारतातून गेला. तिचे डोळे कोरे असतात. नवस करताना एक रंगवायचा, फळला की दुसरा.

बायांची टोळी आहे, तांब्याभाऊ. इचिगो मिल्क! म्हणजे स्ट्रॉबेरी मिल्क. पण लिहिताना अशी बोजड चित्राक्षरं निवडलीत की शेवटच्या अक्षराचा अर्थ 'वेडं' असा होतो. बोसोझोकूंची ही जुनी खोड, गोड नावाला भयंकर अक्षरं चढवून कोटाच्या पाठीवर भरतकाम करून घ्यायचं. बाकी त्यांना काम फारसं दिलेलं नाही, हे मान्य.

---

रात्रपाळी

'फायनल मिशन' बद्दल न फोडता एवढंच: त्यात कुर्यू नावाचा याकुझांचा मोठा गट आणि सरकारी माणसं मिळून कॅसिनो आणायला बघतात आणि रूड बॉइजची वस्ती उडवायची ठरते. खाली विषारी प्रदूषणाचं जुनं प्रकरण गाडलेलं असतं. सिनेमा 2017 चा. जपानमध्ये कॅसिनोला वाट करून देणारा पहिला कायदा झाला डिसेंबर 2016 मध्ये. टग्यांच्या सिनेमात हे येतं, म्हणून मला तो सोडवत नाही.

मारामारीही नीट बघा. पहिल्या सिनेमात 100 विरुद्ध 500 आहे. नाचणारी माणसं असल्यामुळे गर्दीतही कोण कुठे पडणार ते ठरलेलं असतं. रूड बॉइजमध्ये तर झेन नावाचा खराखुरा पार्कूर (भिंती-छपरांवरून उड्या मारत पळण्याचा खेळ) खेळाडू आहे.

---

बिनबुडाचा तांब्या

पेठेचं पटलं. माझ्या आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं, चुलत्यांनी विकलं. त्या जागी मोबाइलचं आहे. पाचवा भाग लावतो. सुरुवातीचं पुराण पुढे ढकलून.

---

शिलाईमशीन

पुराण ढकलू नका हो, धाकट्याला ते पाठ झालंय, भांडी घासताना म्हणतो.

निशिकासाईकर, दान लक्षात आलाच नव्हता माझ्या, बडबड्या म्हणून सोडून दिला होता. काल परत पहिला भाग लावला, या वेळी मशीन बंद ठेवून. आता पेठ दिसली. आमच्या गल्लीत मी धरून तीन टेलर होतो. आता मी आणि एक पिको-फॉलवाली. दोन वर्षांमागं शेजारच्यानं मशीन मोडीत काढलं तेव्हा मी त्याच्याकडची कात्री घेतली, जड, लोखंडी, चांगली धार असलेली. अजून तीच वापरते. कोब्रा त्या हॉटेलात, इतोकानमध्ये, नुसता बसलेला असतो ना, तेव्हा मला वाटायचं हा काम का करत नाही. आता वाटतं, बसणं हेच काम असेल त्याचं. कुणीतरी बसलेलं पाहिजे तिथं. नोबोरू परत आला तर दार कुणी उघडायचं?

मारामारी अजूनही पूर्ण बघवत नाही. ओयाच्या मुरायामानं म्होरक्या व्हायला शंभर ठोसे खाल्ले म्हणे, तेव्हा मी काज करत होते, मुद्दाम मान वर केली नाही. पण नंतर कोब्रासमोर हरून तो ज्या मोकळेपणानं हसला, ते बघितलं. धाकट्यापेक्षा लहान वाटला.

तांब्याभाऊ, बायांचं तुमचं खरं आहे. इचिगो मिल्कच्या म्होरक्या पोरीला नुसतं कोब्राच्या मागं लावलंय. पण तिचे कोट ज्यानं शिवले त्याला माझा नमस्कार.

आता कामाचं. धाकट्याला गॅदरिंगला दारुमाचा अंगरखा पाहिजे. लाल पॉपलीन तीन मीटर फाडलंय, पाठीवर बाहुली भरायची आहे. त्या हापीला अस्तर असतं का? आणि बाही कशी, आपल्या कुडत्यासारखी खांद्यात बसवलेली?

---

निशिकासाईकर

अस्तर नसतं, ताई. सरळ काप, बाही रुंद आणि सरळच, खांद्याला आकार नाही. पुढून उघडा, काठाला पट्टी. तीन मीटरमध्ये उरेल कापड. आणि बाहुलीचा एकच डोळा भरा आत्ता.

---

शिलाईमशीन

दुसरा गॅदरिंग झाल्यावर भरते मग. उरलेल्या कापडाची डोक्याला पट्टी करून देते त्याला.